साडेतीन मिलिमीटरची जागा परत द्या : स्मार्टफोन कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, अभियंते आणि फोनमध्ये काय राहील नि काय जाईल हे ठरवणारी सगळी मंडळी,

स. न. वि. वि.

नवा फोन बाजारात आणताना त्यात काय काय घातलंय, हे तुम्ही तासभर सांगता. काय काढलं, ते सहसा आम्हाला घरी आल्यावर कळतं. हेडफोन जॅकच्या, म्हणजे वायरच्या हेडफोनची पिन खोचायच्या साडेतीन मिलिमीटरच्या गोल छिद्राच्या, बाबतीत मात्र एकदा अपवाद झाला. ७ सप्टेंबर २०१६ रोजी आयफोन ७ सादर करताना ॲपलच्या फिल शिलर यांनी जॅक काढण्यामागचं कारण भर मंचावर एका शब्दात सांगितलं : धैर्य. त्याच कार्यक्रमात कंपनीने एअरपॉड्स हे आपले वायरलेस इअरबड दाखवले, किंमत १५९ डॉलर. धैर्य कुणी दाखवायचं आणि त्याचा खर्च कुणी सोसायचा, याची वाटणी तिथल्या तिथे होऊन गेली.

हे पत्र एकट्या ॲपलला नाही. ॲपलने निदान जे केलं ते उघडपणे केलं. त्या वर्षी गूगलने पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत ‘आमच्याकडे जॅक आहे’ अशी कोपरखळी मारली आणि २०१७ च्या ऑक्टोबरात पिक्सेल २ मधून तो गुपचूप काढला. सॅमसंगने डोंगल, म्हणजे चार्जिंग पोर्टला वायरचा हेडफोन जोडून देणारा तुकडा, लटकवून फिरणाऱ्या आयफोनवाल्याची टिंगल करणारी जाहिरात केली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गॅलेक्सी नोट १० मधून स्वतःचा जॅक काढून टाकला. वनप्लस ६ हा फोन मे २०१८ मध्ये जॅकसह आला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ६टी आला तो जॅकशिवाय. आधी हसायचं, मग तेच करायचं, आणि करताना कारण मात्र ज्याला हसलो त्याचंच सांगायचं. या सगळ्यात आमचं मत कुणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारता देतो आहे.

माझा धंदा ऐकण्याचा आहे. मुलाखती, बैठका, सुनावण्या यांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि शब्दशः उतरवून काढायची. चार शब्द ऐकायचे, थांबवायचं, लिहायचं, थोडं मागे जायचं, पुन्हा ऐकायचं. दिवसभर हेच. तेव्हा मी तक्रार करतो आहे ती जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी नव्हे. फिरायला जाताना, भांडी घासताना मीही वायरलेस इअरबड घालतो आणि तिथे ते झकास आहेत. दाराच्या कडीत अडकून कानातून ओढली जाणारी वायर मला परत नको आहे. मला हवी आहे ती निवड, आणि ती तुम्ही ज्या कारणांवर काढून घेतलीत ती कारणं तपासून पाहण्याचा हक्क.

पहिलं कारण जाडीचं. याला फार वेळ द्यायला नको. २०१४ मध्ये ओप्पोचा आर५ हा ४.८५ मिलिमीटर जाडीचा फोन आला, त्यात जॅक नव्हता. एवढ्या बारीक अंगात तो बसणार कसा, असं सगळ्यांनी मान्य केलं. त्याच वर्षी विवोचा एक्स५ मॅक्स आला. जाडी ४.७५ मिलिमीटर, आणि जॅक होता. आजचे तुमचे बहुतेक महागडे फोन याच्या दीडपटीहून जाड आहेत, कॅमेऱ्याचा उंचवटा वेगळाच.

दुसरं पाण्याचं. सॅमसंगचा गॅलेक्सी एस७ २०१६ च्या मार्चमध्ये, म्हणजे आयफोन ७ च्या सहा महिने आधी, आयपी६८ दर्जाचा जलरोध घेऊन विक्रीला आला होता आणि त्याच्या तळाशी उघडा, झाकण नसलेला जॅक होता. नंतर एस८, एस९, एस१०, सगळे तसेच. आयफोन ७ चा दर्जा आयपी६७ होता, एक पायरी खाली.

तिसरं कारण जागेचं, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. जॅकमध्ये जाणारी पिन साधारण चौदा मिलिमीटर लांब असते. तिला सामावणारा साचा, आतले संपर्क, भोवतीचं सील हे सगळं धरलं तर फोनच्या खालच्या कडेची बरीच मोक्याची जागा जाते. त्याच कडेवर चार्जिंग पोर्ट, स्पीकर, माइक, कंपनाची मोटर आणि अँटेना भांडत असतात. आयफोन ६एस ची बॅटरी १७१५ एमएएचची होती, ७ ची १९६० ची झाली. हा फायदा खरा आहे, तो नाकारणं खोटेपणा ठरेल. पण फोन उघडून पाहणाऱ्यांना जॅकच्या जुन्या जागी प्लास्टिकचा एक तुकडा आढळला, त्याचं काम हवेचा दाब जुळवण्याचं असल्याचं कंपनीने सांगितलं. पुढच्या वर्षी स्कॉटी ॲलन नावाच्या अभियंत्याने आयफोन ७ मध्ये चालणारा जॅक बसवून दाखवला. घरगुती पद्धतीने, बऱ्याच खटपटी करून, आत स्वतः आखलेलं सर्किट घालून, पण मूळ कवच तेच ठेवून. कारखान्यात असं करावं असं मी म्हणत नाही. ‘जागाच नाही’ आणि ‘ती जागा आम्हाला दुसऱ्या कामासाठी हवी आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच त्यातून दिसतं. दुसरी गोष्ट प्रामाणिक आहे. ती सांगितली असती तर आम्ही वाद तरी घातला असता.

आणि जागा सापडतेही. सोनीने २०१८ मध्ये एक्सपीरिया एक्सझेड२ मधून जॅक काढला, २०२० मध्ये एक्सपीरिया १ मार्क टू मध्ये तो परत आणला. असूसने आरओजी फोन ३ मध्ये काढला, आरओजी फोन ५ मध्ये परत दिला. या फोनांचे कॅमेरे, पडदे, बॅटऱ्या काही जगाच्या मागे पडले नाहीत.

ॲपलच्याच लॅपटॉपांकडे पाहिलं तर मला खरोखर गंमत वाटते. २०१५ मधलं बारा इंची मॅकबुक आठवा. त्यात कंपनीने जवळजवळ सगळं काढून टाकलं होतं. चार्जिंग, पडदा, पेन ड्राइव्ह, सगळ्यांसाठी मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट उरला. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट शिल्लक ठेवली होती : साडेतीन मिलिमीटरचा हेडफोन जॅक. आणि २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये तर हा जॅक सुधारून दिला. जास्त रोधाचे, स्टुडिओत वापरतात तसले हेडफोन त्यावर नीट चालतील अशी सोय केली आणि ती वैशिष्ट्यांच्या यादीत अभिमानाने लिहिली. म्हणजे एकाच छताखाली एका टेबलावर हा जॅक कालबाह्य ठरतो आणि शेजारच्या टेबलावर तो व्यावसायिकांसाठीची खास सोय ठरतो.

याहून मोठा पुरावा तुमच्या स्वतःच्या यादीत आहे. तुमचे सगळ्यात स्वस्त फोन बघा. त्यांतल्या अनेकांत जॅक अजून आहे. गूगलने २०१८ च्या महागड्या पिक्सेल ३ मध्ये तो दिला नाही आणि २०१९ च्या स्वस्त पिक्सेल ३ए मध्ये दिला. ४ए, ५ए मध्येही ठेवला आणि मग २०२२ मध्ये ६ए पासून तिथूनही काढला. जॅक महाग असता तर तो आधी स्वस्त फोनातून गेला असता. तो जुनाट आणि निरुपयोगी असता, तर जिथे एकेका सुट्या भागाची किंमत मोजून कात्री चालवली जाते तिथे तो इतकी वर्षं टिकलाच नसता. तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की लोक तो वापरतात. ज्याच्याकडे वेगळे इअरबड घेण्याइतके पैसे नाहीत असं तुम्ही गृहीत धरता, त्याला जॅक ठेवायचा. ज्याच्याकडे ते आहेत असं दिसतं, त्याचा काढायचा. तंत्रज्ञानाने घेतलेला निर्णय असा ग्राहकाचा खिसा बघून बदलत नाही.

आता माझ्या कामाकडे येतो, कारण पैशांपेक्षा मोठं नुकसान तिथे दिसतं.

वायरलेस इअरबड सलग वाजणाऱ्या आवाजासाठी उत्तम आहेत. गाणं लावलं की ते चालू राहतं. पण आवाज थांबला की वीज वाचवण्यासाठी बऱ्याच जोड्या डुलकी घेतात आणि पुन्हा आवाज आला की जागं व्हायला त्यांना क्षणभर लागतो. त्या क्षणात जे बोललं गेलं ते गिळलं जातं. गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही. मी दर चार शब्दांनी थांबतो, त्यामुळे माझ्या वाट्याला हे दिवसभर येतं. आणि मराठीत नकार पुष्कळदा शब्दाच्या तोंडाशीच बसलेला असतो. ‘अमान्य’चं ‘मान्य’ व्हायला, ‘नामंजूर’चं ‘मंजूर’ व्हायला एकच अक्षर गिळलेलं पुरतं. सुनावणीची नोंद उतरवताना ही चूक कुणाला परवडेल? सगळ्याच इअरबडमध्ये असं होतं असं नाही. पण कुठल्या जोडीत होईल आणि कुठल्या नाही, हे एकाही खोक्यावर छापलेलं नसतं.

माझं ठीक आहे. मला शंका आली तर मी मागे जाऊन पुन्हा ऐकतो, नाहीतर संगणकाला वायर लावतो. ज्यांचा संपूर्ण फोनच कानांनी चालतो त्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो.

अंध माणूस स्मार्टफोन कसा वापरतो हे तुमच्यापैकी काहींना नीट माहीत असेल, कारण टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम, तुमच्याच लोकांनी बनवले आहेत, आणि चांगले बनवले आहेत. पडद्यावर बोट फिरतं तसं बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. बटणाचं नाव, संदेशाचा मजकूर, कळफलकावरचं प्रत्येक अक्षर. सरावलेली माणसं हा आवाज इतक्या वेगाने ठेवतात की शेजारी बसलेल्याला नुसती किरकिर ऐकू येते. या वेगात बोट आणि आवाज एकत्र चालावे लागतात. ब्लूटूथवर ते चालत नाहीत. नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा ते पाव सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. वायरमध्ये हा उशीर जाणवण्याइतका नसतोच. पाव सेकंदात सरावलेलं बोट दोन बटणं पुढे गेलेलं असतं. कानात ‘रद्द करा’ येतं तेव्हा ते ‘पाठवा’वर असतं.

तुम्ही म्हणाल, सिनेमा बघताना तर ओठ आणि आवाज जुळतात. जुळतात, कारण तिथे प्लेअरला उशिराचा अंदाज असतो आणि तो चित्रच तेवढं मागे ठेवतो. पुढे काय येणार हे त्याला आधीच माहीत असतं. स्क्रीन रीडरला ही सोय नाही. पुढच्या क्षणी बोट कुठे टेकेल हे फोनला कसं कळणार? फोनवर पियानो वाजवणाऱ्याचं किंवा तालावर बोट मारायचा खेळ खेळणाऱ्याचं हेच दुखणं. फरक इतकाच की खेळ हरला तर हरला. इथे बँकेचा व्यवहार असतो.

स्पीकरवर ऐका म्हणावं, तर गुप्तता गेली. बसमध्ये, रांगेत, दवाखान्यात आपला पासवर्ड आणि आपले निरोप चारचौघांत वाजवायचे? वायरच्या इअरफोनचं एक टोक एका कानात आणि दुसरा कान रस्त्याच्या आवाजासाठी मोकळा, ही अनेकांची साधी, बिनखर्चाची, वर्षानुवर्षांची पद्धत. इअरबडची बॅटरी संपली की डोळस माणसाचं गाणं थांबतं. अंध माणसाला पुढचा चार्जिंग होईपर्यंत आपला फोन एक तर मोठ्याने वाजवावा लागतो किंवा खिशात ठेवावा लागतो. सुलभतेवर तुम्ही दरवर्षी सुंदर चित्रफिती काढता. त्यांतल्या एकीतही जॅक का काढला हे सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर म्हणजे डोंगल. खरं तर डोंगल विकायला ठेवणं हीच तुमची कबुली आहे, की मागणी आहे. आयफोन ७, ८ आणि एक्स यांच्या खोक्यात तो सोबत मिळायचा. २०१८ च्या मॉडेलांपासून तो खोक्यातून गेला आणि नऊ डॉलरला वेगळा विकत घ्यायचा झाला. २०२० मध्ये इअरफोनही खोक्यातून गेले, फक्त फ्रान्समध्ये राहिले, कारण तिथल्या कायद्याने फोनबरोबर इअरफोन देणं बंधनकारक होतं. २०२२ मध्ये तो कायदा बदलला. कायदा असेपर्यंत जागा, खर्च, पर्यावरण यातलं काहीच आड आलं नव्हतं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

बरं, डोंगल घेतला. कुठला? दोन जातींचे असतात. एका जातीत आकड्यांच्या रूपातल्या संकेताचं आवाजात रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, डोंगलच्याच पोटात असते. दुसऱ्या जातीत चिप नसते. ती फोनमधून तयार आवाज यूएसबी-सीच्या पिनांवरून पुढे सरकवते, आणि फोनने तो तिथून दिलाच नाही तर मुकी राहते. काही फोन देतात, काही देत नाहीत. दोन्ही डोंगल दिसायला सारखे, पोर्ट सारखा, किंमत जवळपास सारखी. दुकानदारालाही फरक सांगता येत नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. शिवाय पोर्ट एकच, त्यामुळे ऐकायचं तर चार्जिंग थांबवायचं. आणि खिशात असताना हेडफोनच्या वायरला बसणारा प्रत्येक हिसका आता थेट चार्जिंग पोर्टला बसतो. जॅकची पिन गोल आहे, ओढ आली की ती जागच्या जागी फिरते. यूएसबी-सीची चपटी जीभ फिरत नाही. जॅक बिघडला तर आवाज जायचा, चार्जिंग पोर्ट ढिला झाला की फोनच गेला.

जॅक निर्दोष होता असं माझं म्हणणं नाही. त्यात कापसाचा मळ साचायचा, जुना झाला की खरखरायचा. माइकवाल्या इअरफोनमध्ये माइक आणि ग्राउंडची जागा दोन वेगवेगळ्या पद्धतींनी ठरवली गेली होती, त्यामुळे एका कंपनीचा इअरफोन दुसरीच्या फोनवर घुमायचा. पण तो घोळ वर्षागणिक मिटत गेला आणि शेवटी जवळपास एकच पद्धत उरली. नीट बसलेली घडी तुम्ही विस्कटलीत.

आणि ती घडी बसायलाही किती वेळ लागला होता! ही पिन आली टेलिफोन एक्स्चेंजमधून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाव इंची जाड. गिटार आणि ॲम्प्लिफायरला आजही तीच लागते. ट्रान्झिस्टर रेडिओंच्या काळात तिचं धाकटं रूप, साडेतीन मिलिमीटरचं, रुळलं. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोनसाठी एक नाही, दोन जॅक होते, म्हणजे दोघांना एकत्र ऐकता यावं. मोबाइल फोन आले आणि हे सगळं विसरलं गेलं. दोन हजारच्या दशकात नोकियाचा पॉप-पोर्ट वेगळा, सोनी एरिक्सनचा वेगळा, बाकीच्यांचे आणखी वेगळे. फोन बदलला की इअरफोन कचऱ्यात. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये जॅक होता, पण इतका खोल बसवलेला की पुष्कळ हेडफोनच्या पिना आत टेकायच्याच नाहीत, त्यांना अडॅप्टर लागायचा. लोकांनी बोंब मारली. २००८ च्या आयफोन ३जी मध्ये तो कडेशी सपाट आणला गेला. एका वर्षात. त्या काळी ऐकायला येत होतं म्हणायचं.

त्यानंतरची सात-आठ वर्षं हा जॅक कुणाच्याच मालकीचा नव्हता आणि सगळ्यांच्या उपयोगाचा होता. त्यात काही खोचायला कुणाची परवानगी लागत नव्हती. याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे स्क्वेअर या कंपनीचं कार्ड रीडर. बोटभर चौकोनी तुकडा जॅकमध्ये खोचायचा आणि त्यातून कार्ड ओढायचं. चुंबकी पट्टीतला संकेत आवाज होऊन माइकच्या वाटेने फोनमध्ये शिरायचा. फोन कंपनीला विचारायची गरज नाही, परवाना शुल्क नाही. सेल्फी स्टिकचं बटणही याच जॅकमधून कॅमेऱ्याला इशारा द्यायचं. अनेक फोनांमध्ये एफएम रेडिओसाठी हेडफोनची वायर हीच अँटेना होती. वादळात मोबाइलचे मनोरे आडवे झाले तरी रेडिओ लागायचा. यातलं काहीही जॅकच्या शोधकर्त्यांनी योजलेलं नव्हतं. उलट आयफोनच्या लाइटनिंग या चार्जिंग पोर्टला जोडायची वस्तू अधिकृतपणे बनवायची तर ॲपलच्या परवाना योजनेतून जावं लागायचं. ब्लूटूथचं बोधचिन्ह लावायचं तर ते तंत्र सांभाळणाऱ्या संघटनेचं सदस्य व्हावं लागतं आणि चाचण्यांची प्रक्रिया पार पाडावी लागते. मोठ्या कंपनीला हे किरकोळ आहे, एका खोलीत काम करणाऱ्या दोघांना नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. वायरच्या हेडफोनला वय नसतं. वायर तुटली तर डाग देऊन जोडता येते. इअरबडच्या प्रत्येक डुलात एक इवलीशी लिथियम बॅटरी असते. ती झिजते, आणि कवच गोंदाने चिकटवलेलं असल्यामुळे बदलता येत नाही. काही वर्षांत उत्तम चालणारा स्पीकर आणि उत्तम चालणारा माइक एका दमलेल्या बॅटरीपायी फेकला जातो. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्याचा पाव हिस्सासुद्धा रीतसर पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. इअरबडचं वजन त्या ढिगात नगण्य आहे, हे कबूल. पण असल्या चिमुकल्या वस्तूच आधी कचऱ्याच्या पिशवीत जातात. टिकाऊपणाचं व्रत घेतलेल्या फेअरफोननेही २०२१ मध्ये फेअरफोन ४ मधून जॅक काढला आणि त्याच सुमारास स्वतःचे वायरलेस इअरबड विकायला आणले, तेव्हा मला या धंद्याची ओढ किती जबर आहे ते कळलं. त्यांनी २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे इअरबड काढले, हेही सांगायला हवं. म्हणजे ते करता येतं.

मग मागणी काय? प्रत्येक फोनमध्ये जॅक हवा असा हट्ट नाही. प्रत्येक मालिकेत, सगळ्यात वरच्या मालिकेतसुद्धा, जॅक असलेलं निदान एक मॉडेल ठेवा. ज्याला चांगला कॅमेरा हवा त्याने जॅक सोडायचा आणि ज्याला जॅक हवा त्याने स्वस्त फोनवर भागवायचं, ही सक्ती काढा. जिथे जॅक देणारच नसाल तिथे दुसरा यूएसबी-सी पोर्ट द्या, असूसने आरओजी फोनच्या कडेला दिला तसा. यूएसबी-सीमधून तयार आवाज बाहेर येतो की नाही, हे खोक्यावर ठळक छापा. इअरबडला न झोपण्याची एक सेटिंग द्या, बोलणं ऐकणाऱ्यांसाठी. त्याने बॅटरी लवकर संपेल, चालेल, ते आमचं आम्ही बघू. आणि त्यांच्या बॅटऱ्या बदलता येतील अशी रचना करा. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येतील अशा बॅटऱ्यांचा नियम लागू होतो आहे; तिथे करावंच लागणार असेल, तर बाकीच्या जगासाठी वेगळा साचा कशाला पाडता? डिसेंबर २०२४ पासून तिथे फोनसाठी एकच चार्जिंग पोर्ट सक्तीचा झाला. २०२३ च्या आयफोनपासूनच यूएसबी-सी आला. ‘शक्य नाही’चं ‘सादर करत आहोत’ व्हायला किती वेळ लागतो, ते तेव्हा दिसलं.

शेवटची विनंती स्वस्त फोनांबद्दल. तिथूनही जॅक काढायचा बेत चालू असेल, आणि चालू आहे असं नव्या मॉडेलांकडे पाहून वाटतं, तर शिक्कामोर्तब करण्याआधी तो फोन रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या काही जणांच्या हाती द्या. त्यांना पैसे भरू द्या, तिकीट काढू द्या, गर्दीत फोन घेऊ द्या. चाचणीसाठी पूर्ण चार्ज केलेले कोरे इअरबड मात्र देऊ नका. दोन वर्षं वापरलेले द्या.

कळावे,

आपला,
ध्वनिमुद्रणं उतरवून पोट भरणारा एक ग्राहक